विदर्भातली चार राष्ट्रीय उद्यानं : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दिवाळी जवळ आली की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच. "ताडोबाला जायचंय, वाघ दिसेल ना?" मी उलट विचारतो, हाताशी दिवस किती? दोनच असतील तर सरळ ताडोबा गाठा, तीन सफाऱ्या करा आणि परत या. पण सहा-सात दिवस असतील तर ते सगळे ताडोब्यात घालवू नका. महाराष्ट्रात एकूण सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत आणि त्यांतली चार एकट्या विदर्भात आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव आणि मेळघाटातलं गुगामल. चारही ठिकाणी साग, बांबू, चितळ आणि वाघ आहेत, तरी एक बघितलं म्हणजे दुसरं कळलं असं होत नाही.

माझा पहिला सल्ला बहुतेकांना पटत नाही, तरी देतो. ताडोबा शेवटी ठेवा. पहिल्याच सकाळी रस्त्याच्या मधोमध बसलेला वाघ दिसला की पुढच्या प्रत्येक जंगलात माणूस फक्त वाघ शोधतो आणि नवेगावच्या तलावाकाठी बसून "इथे काहीच नाही" म्हणतो. उलट क्रमाने गेलात तर ताडोब्यात पोचेपर्यंत कान तयार झालेले असतात.

आधी नावांचा घोळ सोडवा

विदर्भात गावागणिक एक नवेगाव आहे, आणि जंगलाच्या वाटेवर त्यातली निदान तीन भेटतात. राष्ट्रीय उद्यान आहे ते नवेगाव बांध, गोंदिया जिल्ह्यात. ताडोब्याचं एक प्रवेशद्वार 'नवेगाव गेट' म्हणून ओळखलं जातं, ते चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूरच्या बाजूला. आणि पेंच नदीवरचं नवेगाव खैरी धरण नागपूर जिल्ह्यात, पारशिवनीजवळ. मी स्वतः एकदा सफारीच्या पावतीवर 'नवेगाव' वाचून गोंदियाच्या बाजूला खोली ठरवली होती. चूक आदल्या दिवशी लक्षात आली, म्हणून फक्त खोलीचे पैसे गेले.

पेंचचंही तसंच. याच नावाचे दोन व्याघ्र प्रकल्प एकमेकांना लागून आहेत, एक महाराष्ट्रात आणि एक मध्य प्रदेशात. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा ही गेटं आपली. तुरिया, कर्माझिरी मध्य प्रदेशातली. खुर्सापार आणि तुरिया नकाशावर शेजारी दिसतात, पण त्यांची संकेतस्थळं वेगळी, दर वेगळे, नियमही वेगळे. एका राज्याची पावती दुसऱ्या राज्याच्या गेटवर चालत नाही.

तिसरा घोळ सरकारी. तुम्ही 'गुगामल राष्ट्रीय उद्यान' शोधायला जाल आणि बुकिंगच्या पानावर ते नावच सापडणार नाही, कारण तिथे सगळा कारभार 'मेळघाट व्याघ्र प्रकल्प' या नावाने चालतो. ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये झालं, ते जेमतेम ११६ चौरस किलोमीटरचं. शेजारचं अंधारी अभयारण्य त्याला जोडून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा तयार झाला. नवेगावही आता 'नवेगाव-नागझिरा'चा भाग आहे. बुकिंग करताना व्याघ्र प्रकल्पाचं नाव शोधा, उद्यानाचं नको.

'कोअर' म्हणजे हा गाभा आणि 'बफर' म्हणजे त्याच्याभोवतीचं जंगल, ज्यात गावं, शेतं, गुरंढोरं आहेत. बफर म्हणजे दुय्यम माल, असा एक समज पक्का बसलाय. वाघाला कोअर-बफरची हद्द कोणी समजावलेली नाही. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा या बफरच्या गेटांतून लोकांना उत्तम वाघ दिसले आहेत. कोअरचं बुकिंग मिळालं नाही म्हणून सहल रद्द करू नका.

ऋतू

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो. उरलेल्या नऊ महिन्यांत कधी जायचं हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवंगच्च असतं, गवत जिप्सीच्या, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीच्या वर, त्यामुळे प्राणी दहा फुटांवर असला तरी दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत तलावांवर स्थलांतरित पक्षी असतात, नवेगावसाठी हाच काळ. फेब्रुवारीअखेर पळस फुलतो, मार्चमध्ये मोहाची फुलं पडायला लागतात. त्या दिवसांत पहाटे मोहाखाली अस्वलं येतात आणि फुलं वेचायला गावातली माणसंही येतात. दोघांची गाठ पडते ती बहुतेक वेळा माणसाला महागात जाते.

एप्रिल-मे वाघासाठी सर्वोत्तम आणि माणसासाठी सर्वांत वाईट. पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यात वाघ दुपारभर बसून राहतो, आणि तुम्ही पंचेचाळीस अंशांत उघड्या जिप्सीत. सोबत लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील असतील तर हा मोह टाळा. पहिल्या सहलीसाठी मी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सुचवेन.

बुकिंग

वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. त्याच्यासारखीच दिसणारी खासगी पानं पुष्कळ आहेत आणि ती वर आपलं शुल्क लावतात. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे दिवस दोन-तीन महिने आधीच भरतात, शिवाय दरही जास्त असतो. आठवड्याच्या मधला वार धरलात तर पैसे वाचतात आणि जंगलात गर्दी कमी मिळते. फक्त साप्ताहिक सुट्टी बघून घ्या. ताडोबा मंगळवारी बंद असतो. बाकी ठिकाणी तोच वार असेल असं धरून चालू नका.

बुकिंगमध्ये ज्याचं नाव आणि ओळखपत्र टाकलं त्यालाच आत सोडतात. "बायकोऐवजी मेव्हणा आलाय" हे गेटवर ऐकून घेत नाहीत. मूळ ओळखपत्र सोबत हवं, मोबाइलमधला फोटो नाही. जिप्सीत गाइड आणि चालक सोडून सहा जण बसतात. सहा बसत असले तरी पाचांतच आराम आहे. ऑनलाइन भरलेल्या पैशांत गाडी आणि गाइड दोन्ही धरलेत का ते पावतीवर वाचा, नसतील तर गेटवर रोख लागेल. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला वेगळं शुल्क पडतं.

मुक्काम नेहमी गेटच्या जवळ घ्या. मोहर्लीची सफारी असेल तर चंद्रपूर शहरात राहणं परवडतं, अंतर तीसेक किलोमीटर आहे. पण कोलारा गेट असेल तर चंद्रपूर फार लांब, तिथे नागपूरहून उमरेड-भिसी-चिमूर रस्त्याने यावं. ताडोब्याचं कोणतं गेट मिळालं हे कळल्याशिवाय खोली घेऊ नका.

सामान

हिवाळ्यात लोक 'विदर्भ म्हणजे ऊन' समजून सुती कपड्यांत येतात आणि पहाटे सहाला उघड्या गाडीत कुडकुडतात. कानटोपी, जाड जाकीट आणि गुंडाळायला एक चादर. नऊनंतर सगळं काढावंच लागतं, म्हणून एकावर एक थर घाला. उन्हाळ्यात रुमाल नाकाला, दुपट्टा डोक्याला. रंग मातकट, हिरवे, तपकिरी. पाण्याची बाटली स्टीलची, कारण प्लास्टिकची आत नेऊ देत नाहीत. ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाइल वापरायला बंदी आहे, तेव्हा फोटो हवे असतील तर साधा का होईना, कॅमेरा न्या. अत्तर नको. आणि एक दुर्बीण. कॅमेऱ्याच्या भाड्यावर हजारो घालणारे लोक दुर्बिणीशिवाय येतात, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

नागपुरात उतरलात तर सावजी जेवायचा मोह होणार. जेवा, पण पहाटेच्या सफारीच्या आदल्या रात्री नको. चार तास गाडीतून खाली उतरता येत नाही.

पहिला थांबा : नागझिरा आणि नवेगाव

नागपूरहून रायपूरच्या हमरस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर साकोली. इथून उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव बांध. एक रात्र साकोलीजवळ काढून पहाटे पिटेझरी किंवा चोरखमारा गेटने नागझिऱ्यात शिरा. हे जंगल छोटं आणि दाट आहे. इथे रानकुत्र्यांची टोळी दिसण्याची शक्यता बरी असते, गवेही दिसतात. वाघ आहेत, पण ते ताडोब्यातल्यासारखे गाड्यांना सरावलेले नाहीत. काही वर्षांपूर्वी देशभर गाजलेला 'जय' नावाचा वाघ मूळचा इथलाच. इथून चालत तो उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला आणि २०१६ मध्ये बेपत्ता झाला.

नवेगावला मात्र सफारीची घाई करू नका. १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलाचा जीव तलावात आहे. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. इथल्या जुन्या तलावांना लोक 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या ताब्यातले तलाव. ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा, आणि नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला असं इथे सांगतात. सात डोंगरांच्या मधे पाणी अडवलंय, त्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात. सकाळी सातला बांधावर जाऊन दोन तास नुसते बसा. बदकांचे थवे, करकोचे, पाणकावळे, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी. दुर्बीण आणली असेल तर तिचे पैसे इथेच वसूल होतात.

अर्धा दिवस हाताशी असेल तर गोंदियाच्या बाजूच्या भातशेतांत सारस शोधायला जा. माणसाच्या उंचीचा, लाल मानेचा हा पक्षी महाराष्ट्रात जवळपास याच पट्ट्यात उरलाय. तो धानाच्या बांधीत घरटं करतो, म्हणजे त्याचं जगणं शेतकऱ्याच्या मर्जीवर आहे. बांधावरून चालताना शेतमालकाला विचारा. बहुतेक वेळा तोच घरटं कुठे आहे ते सांगतो आणि फार जवळ जाऊ नका म्हणून दटावतोही.

दुसरा : पेंच

साकोलीहून भंडारा-रामटेक मार्गे मनसरला या आणि जबलपूरच्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाला लागा. पुढे रस्ता जंगलात शिरतो तिथे तो लांबलांब पुलांवर उचललेला दिसेल, आणि खाली नदी नसेल. हे पूल प्राण्यांसाठी आहेत. महामार्ग चौपदरी करताना वाघांची वाट तुटू नये म्हणून या टप्प्यात नऊ भुयारी मार्ग ठेवले. त्यांतला सर्वांत मोठा ७५० मीटरचा. खालून चितळ, रानकुत्रे, वाघ ये-जा करतात हे कॅमेऱ्यांत नोंदलं गेलंय. आपण वरून ताशी ऐंशीने जात असताना खाली कोण चाललं असेल ते कळत नाही, एवढंच.

पेंच नदी या जंगलाला मधून कापत जाते आणि तोतलाडोहच्या जलाशयात पसरते. चितळांचे मोठे कळप, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या काठावर चरणारे, हे इथलं नेहमीचं दृश्य. पण माझ्या मते महाराष्ट्राच्या पेंचमध्ये सर्वांत चुकवू नये अशी गोष्ट रात्रीची आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारीजवळ वाघोली गावाच्या परिसरात आकाश निरीक्षणाची सोय आहे. आजूबाजूच्या गावांतले दिवे झाकून, प्रकाश खाली वळवून तिथला अंधार राखलाय. अमावास्येच्या आसपासची तारीख धरा. पौर्णिमेला जाऊन चांदणं बघाल, तारे नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांनी आकाशगंगा प्रत्यक्ष बघितलेलीच नसते, त्यांच्यासाठी हे वाघाइतकंच मोठं ठरतं.

तिसरा : ताडोबा

पेंचहून नागपूरवरून खाली यायला चार-पाच तास धरा. त्या दिवशी दुपारची सफारी ठेवू नका, उशीर झाला तर पैसे परत मिळत नाहीत. इथे किमान तीन सफाऱ्या घ्या, शक्य तर दोन वेगवेगळ्या गेटांतून.

जिप्सीत बसल्यावर नवखा माणूस झुडपांत पिवळं-काळं शोधतो. गाइड तसं करत नाही. तो रस्ता बघतो आणि ऐकतो. पहाटेच्या मातीवर रात्रीचे ठसे ताजे असतात, गाड्यांची चाकं जायच्या आत ते वाचावे लागतात. ठसे कुठल्या दिशेला गेले, मधेच रस्ता सोडला का, ठशावर दुसऱ्या प्राण्याचं पाऊल पडलंय का. मग 'कॉल', म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर इतर प्राणी देतात ती हाक. वानर उंच झाडावरून खाकरतं. चितळ तीक्ष्ण शीळ घातल्यासारखं ओरडतं, पण चितळ घाबरट, बिबट्याला, रानकुत्र्याला, कधी उगीचही ओरडतं. सांबर मात्र सहसा खोटं बोलत नाही. त्याचा तो एकच, घोगरा, दणदणीत आवाज आला की गाइड चालकाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि इंजिन बंद होतं.

तिथून पुढे काम तुमचं : गप्प बसणं. पाच मिनिटं, कधी वीस. याच वेळी मागच्या बाकावरून कोणीतरी वेफर्सचं पाकीट उघडतं. नागझिरा, पेंच करून आलेल्या माणसाला ही वीस मिनिटं लांब वाटत नाहीत, कारण वाट बघताना सुतार पक्ष्याची टकटक ऐकू येते, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल दिसते, समोर उभं पांढरंफटक झाड कांडोळाचं हे आठवतं. म्हणून म्हटलं ताडोबा शेवटी.

वाघ दिसलाच तर उभं राहून ओरडू नका, चालकाला "अजून पुढे घे" म्हणू नका, आणि 'वाघ दाखवलास तर इतके' असं बक्षीस तर मुळीच लावू नका. चालक नियम मोडतो तो बहुतेक वेळा मागच्या सीटवरून रेटा आला म्हणून. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. अशा गाडीत आपण असू तर आपलाही त्यात वाटा असतो. गाइडला इनाम द्यायचं तर वाघ न दिसलेल्या सफारीनंतर द्या.

ताडोबा तलावाजवळ थांबलात तर काठावर उन्हात पडलेल्या मगरी शोधा. याच काठावर तारू या गोंड वीराचं ठाणं आहे. वाघाशी लढताना तो मेला आणि देव झाला. ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच आलं असं मानतात. रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर गोंडकालीन दगडी खांब उभे आहेत. ते कशासाठी, हे गाइडला विचारा. प्रत्येक गाइडची गोष्ट थोडी वेगळी असते आणि ती ऐकायला मजा येते.

चौथा, पण वेगळ्या सहलीत : मेळघाट

मेळघाट याच सहलीत कोंबू नका. ते विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, अमरावतीच्या वर सातपुड्यात आहे, आणि त्याची चालही निराळी. रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती, तिथून परतवाडा. परतवाड्यात गाडीची टाकी भरा, रोख पैसे काढा, घरी फोन करून घ्या. पुढे घाट सुरू होतो आणि फोनची रेंज येते-जाते. उलटीचा त्रास असणाऱ्याने गोळी इथेच घ्यावी.

१९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या नऊंत मेळघाट होतं. गुगामल हा त्याचा गाभा, ३६१ चौरस किलोमीटर. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या पाच नद्या इथून निघून तापीला मिळतात. डोंगर इतके उभे आणि दऱ्या इतक्या खोल की वाघ तुमच्यापासून शंभर मीटरवर असून दिसणार नाही. त्यामुळे 'सायटिंग'वर गुण देणाऱ्यांच्या यादीत मेळघाट कायम तळाला असतं. इथे गवे बघा, अस्वल बघा. आणि रान पिंगळा शोधा. हे छोटं घुबड शतकभराहून जास्त काळ नामशेष समजलं जात होतं. १९९७ मध्ये ते आताच्या नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडलं आणि नंतर मेळघाटातही. सागाच्या जंगलात, दिवसाउजेडी फांदीवर बसलेलं दिसतं. स्थानिक गाइडशिवाय सापडणार नाही.

सेमाडोह किंवा सिपनाकाठचं कोलकास इथे मुक्काम करा, चिखलदऱ्याला नव्हे. चिखलदरा हजार-अकराशे मीटर उंचीवरचं थंड हवेचं ठिकाण, गाविलगड किल्ल्यासाठी एक दिवस जरूर द्या, पण सुट्टीच्या दिवशी तिथल्या गर्दीत जंगल ऐकू येत नाही. गावं कोरकूंची. कोरकू भाषा मराठीच्याही कुळातली नाही, हिंदीच्याही नाही, ती मुंडा कुळातली. वाघाला तिच्यात 'कुला' म्हणतात. माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

मेळघाटात एकदा गेलात आणि जंगल मानवलं, तर पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेचा 'निसर्गानुभव' करून बघा. पाणवठ्यालगतच्या मचाणावर वनरक्षकासोबत रात्रभर बसायचं आणि पाण्यावर येणाऱ्या प्रत्येक प्राण्याची नोंद करायची. जागा मोजक्या असतात, म्हणून एप्रिलपासूनच वनविभागाच्या सूचनांवर लक्ष ठेवा. बॅटरी जवळ असली तरी लावायची नाही. त्या रात्री चंद्र पुरतो. संध्याकाळी एकदा वर चढलात की सकाळपर्यंत खाली उतरायचं नसतं, तेव्हा चढण्याआधीच सगळं उरकून घ्या. खोकला असेल तर त्या वर्षी जाऊच नका.